फोर्कलिफ्टचे वेगनियंत्रण आणि टक्कर प्रतिबंध

कारखान्यात, गोदामात किंवा मालधक्क्यावर पुढच्या दोन काट्यांवर माल उचलून नेणारी फोर्कलिफ्ट माणसाला, रॅकला अथवा दुसऱ्या वाहनाला धडकू नये म्हणून तिचा वेग बांधून ठेवण्याचे आणि जवळ आलेला माणूस वेळीच हेरण्याचे उपाय या नोंदीत पाहू. मराठवाड्यात वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील वाहनांचे व सुट्या भागांचे कारखाने, जालन्याचे सळई उद्योग आणि बियाण्यांची गोदामे, लातूरच्या तेल व डाळ मिल अशा ठिकाणी फोर्कलिफ्टचा वावर रोजचा झाला आहे. दिसायला ती लहान मोटारीएवढीच असते. पण ३ टन माल उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचे वजन ४ टनांच्या पुढे जाते, कारण पुढच्या ओझ्याला तोल म्हणून मागे जड लोखंडी वजन बसवलेले असते. शेजारून जाणाऱ्याला या वजनाचा अंदाज येत नाही. चालण्याच्या गतीने येणारे यंत्रसुद्धा पाय चिरडू शकते.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिची शेपटाची बाजू झपकन बाहेर येते. जवळ उभ्या असलेल्या माणसाची नजर पुढच्या काट्यांवर असते आणि मार मात्र मागच्या वजनाचा बसतो. तोलाचे गणितही मोटारीहून वेगळे आहे. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला खिळा या तीन बिंदूंवर यंत्र उभे असते. गुरुत्वमध्य या त्रिकोणाबाहेर गेला की यंत्र कलंडते. रिकाम्या फोर्कलिफ्टचा गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे असतो. म्हणून माल उतरवून रिकामे परतताना जोरात वळण घेतले की ती उलटण्याचा धोका मोठा असतो. रिकामी गाडी हलकी आणि म्हणून सुरक्षित, असा समज अनेक ऑपरेटरांचा असतो. प्रशिक्षणात तो पहिल्याच दिवशी पुसून टाकायला हवा.

वेगाचा हिशेब सोपा आहे. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत १ सेकंद धरला आणि ब्रेक साधारण बरे धरले, तर ताशी ५ किमी वेगाने जाणारी फोर्कलिफ्ट सुमारे २ मीटरमध्ये थांबते. ताशी १० किमीला पावणेपाच मीटर लागतात. ताशी २० किमीला, म्हणजे डिझेल फोर्कलिफ्ट मोकळ्या यार्डात गाठते तेवढ्या वेगाला, सव्वातेरा मीटर लागतात. गोदामातल्या गल्लीच्या कोपऱ्यावरून माणूस दोन-तीन मीटरवर अचानक समोर येतो. तिथे ताशी ५ किमी आणि १० किमी यांतला फरक म्हणजे थांबणे आणि धडकणे यांतला फरक होय.

हे आकडे कोरड्या, सपाट काँक्रीटचे आहेत. मराठवाड्यात जमीन काळ्या मातीची. पावसाळ्यात यार्डातला चिखल टायरांबरोबर शेडच्या गुळगुळीत फरशीवर येतो आणि दारापासून पहिल्या काही मीटरांत ब्रेक लावला तरी चाके घसरतात. उन्हाळ्यात वेगळीच अडचण असते. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हातून ऑपरेटर अंधाऱ्या शेडमध्ये शिरतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत काही क्षण त्याला समोरचे नीट दिसतच नाही. पाळी बदलण्याच्या वेळी तर सगळेच एकत्र येते. पहिल्या पाळीचा कामगार डबा घेऊन डिस्पॅचच्या, म्हणजे माल बाहेर पाठवण्याच्या, दारातून आडवा निघतो, कारण गेटकडे जायची तीच जवळची वाट असते. त्याच वेळी शेवटचा ट्रक भरून द्यायचा म्हणून फोर्कलिफ्ट घाईत असते, काट्यांवर पॅलेटवर पॅलेट (माल ठेवायची सपाट चौकट) रचलेली असते आणि ऑपरेटरला पुढचे काहीच दिसत नाही. मालामुळे पुढचे दिसत नसेल तर सपाट जागेवर गाडी मागे चालवत न्यायची, हा नियम अशा वेळी मोडला जातो.

वेग बांधण्याची पद्धत यंत्राच्या जातीवर ठरते. बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टमध्ये चालण्याची मोटर आणि माल उचलणाऱ्या पंपाची मोटर वेगळ्या असतात, म्हणून उचलण्याची ताकद जशीच्या तशी ठेवून चालण्याचा वेग कंट्रोलरमधून कमी करता येतो. मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा खांब, उंच नेलेला असताना किंवा स्टिअरिंग जास्त वळवले असताना वेग आपोआप उतरावा, अशीही सोय अनेक यंत्रांत असते. जुन्या डिझेल फोर्कलिफ्टमध्ये मात्र पंप इंजिनावरच चालतो. ॲक्सिलरेटरच्या पॅडलखाली बोल्ट लावून वेग रोखला, तर माल उचलणेही मंदावते. ट्रक भरायला उशीर होतो, सुपरवायझर ओरडतो आणि आठवड्याभरात तो बोल्ट निघालेला असतो. यात ऑपरेटरला दोष देणे अन्याय्य आहे. उपायच अर्धवट होता. अशा यंत्राला चाकांचा वेग मोजून, गिअर लागलेला असतानाच इंजिनाला आवरणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवावा लागतो, आणि तोही उत्पादकाच्या संमतीने. जागेनुसार वेग बदलणारी यंत्रणाही असते. शेडच्या दारावर किंवा चौकात लावलेला संकेतक ओलांडला की यंत्र आपोआप हळू होते आणि यार्डात गेले की वेग पुन्हा मोकळा होतो.

माणूस दिसताच यंत्राने स्वतःच कचकन ब्रेक मारावा, असे पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटते. काट्यांवर माल असताना तसे केले, तर पॅलेट पुढे घसरते किंवा मागची चाके उचलली जातात, आणि ज्याला वाचवायचे त्याच्याच अंगावर माल पडतो. म्हणून बहुतेक यंत्रणा वेग क्रमाक्रमाने उतरवतात. यातूनच पुढची गोष्ट येते : हळूहळू थांबायला अंतर हवे, म्हणजे माणूस लांबूनच ओळखता यायला हवा किंवा वेग मुळातच कमी हवा. पहिल्याची खात्री कोपऱ्यावर देता येत नाही.

माणूस ओळखण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत साधा आणि स्वस्त उपाय म्हणजे यंत्रापुढे काही मीटरवर फरशीवर निळा ठिपका टाकणारा दिवा. कोपऱ्यामागून आधी ठिपका येतो, मग गाडी. शेडमध्ये तो उत्तम काम करतो, भर उन्हातल्या यार्डात दिसत नाही. टॅगच्या पद्धतीत कामगाराच्या हेल्मेटवर किंवा कमरेला छोटे रेडिओ उपकरण असते. यंत्रावरचा संच लहरीला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. माणूस यंत्राभोवती आखलेल्या बाहेरच्या कड्यात आला की इशारा देतो, आतल्या कड्यात आला की वेग उतरवतो. पोत्यांच्या थप्पीआडचा माणूसही टॅगमुळे कळू शकतो, हा याचा मोठा गुण. सळई आणि कॉइलने भरलेल्या शेडमध्ये मात्र धातूवरून लहरी परावर्तित होतात आणि अंतर चुकू शकते, म्हणून जालन्यासारख्या ठिकाणी जागेवर चाचणी घेतल्याशिवाय ही यंत्रणा घेऊ नये. कॅमेरा माणूस आणि खांब यांत फरक करतो, पण पाठीवर पोते घेऊन वाकलेल्या हमालाची आकृती उभ्या माणसासारखी नसते. तीही ओळखली जाते का, हे तपासून घ्यावे लागते. लेसर अंतर नेमके मोजतो, तरी त्याला आडोशापलीकडचे दिसत नाही आणि डाळ मिलच्या भुशाने त्याची काच रोज पुसावी लागते.

टॅगची खरी कसोटी गेटवर लागते. कायम कामगाराला टॅग मिळतो. बाहेरगावचा ट्रकचालक, त्याचा क्लीनर, त्या दिवसापुरता आलेला कंत्राटी मजूर आणि माथाडी हमाल यांच्याकडे तो बहुधा नसतो, आणि फोर्कलिफ्टच्या सर्वांत जवळ हेच लोक असतात. गेटपासच्या खिडकीवरच चार्ज केलेले टॅग देऊन परत घेण्याची व्यवस्था नसेल, तर यंत्रणा नेमक्या याच लोकांना आंधळी असते. दुसरी अडचण आवाजाची. अरुंद गोदामात दिवसभर बझर वाजत राहिला की दोन-चार दिवसांत तो कुणालाच ऐकू येईनासा होतो. कडी आखताना ती जागेप्रमाणे लहान-मोठी करणे आणि माणसांची वाट कठडा घालून वेगळी काढणे, हे बझरचा आवाज वाढवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. फरशीवर नुसता पिवळा पट्टा मारून भागत नाही. पट्ट्यावर पॅलेट ठेवली जाते आणि माणूस गाडीच्या वाटेत उतरतो.

कामगाराला सुरक्षित जागा आणि पुरेसे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कारखाना अधिनियम, १९४८ ने मालकावर टाकली. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती आहे. राज्यात देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी कारखान्यांत शपथ होते, फलक लागतात. फोर्कलिफ्टची थांबण्याची चाचणी घ्यायलाही तो दिवस योग्य आहे. माणसाऐवजी टॅग बांधलेला पुतळा ठेवावा, काट्यांवर नेहमीचा माल घ्यावा आणि दाराजवळची फरशी पावसाळ्यात असते तशी ओली करून घ्यावी. यंत्र कुठे थांबले ते मीटरपट्टीने मोजावे आणि त्या आकड्यावरून त्या दाराची वेगमर्यादा ठरवावी.