ऑईल पंप: उडत्या तेलापासून दाबाच्या तेलापर्यंत

फोर्डच्या मॉडेल टी गाडीला (१९०८ ते १९२७) ऑईल पंपच नव्हता. फिरतं फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) तळातलं तेल वर उडवायचं, ते नरसाळ्यात पडून नळीने पुढे जायचं आणि वाहत मागे यायचं. लांब चढावर तेल मागे साचायचं आणि पुढच्या बेअरिंगला कोरड पडायची. कुंभार्ली घाटात तिचं काय झालं असतं, कल्पना करा.

खरं तर दाबाने तेल पोचवायची युक्ती त्याहून जुनी. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉर्कमच्या वाफेच्या इंजिनांसाठी आल्बर्ट पेन यांनी १८९० मध्ये तिचं पेटंट घेतलं. मोटारींत ती सर्रास यायला काही दशकं लागली.

पंपाचं काम साधं. दोन दातेरी चाकं फिरतात, दातांच्या खाचांत अडकलेलं तेल कडेकडेने पुढे ढकललं जातं. दाब जास्त झालाच तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. अँबॅसेडरच्या काळात चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवला की पंप हाती यायचा. आता बऱ्याच गाड्यांत तो थेट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) तोंडाशी बसतो. तिथे पोचायला टायमिंग बेल्ट सोडावा लागतो, म्हणजे पंपापेक्षा मजुरीच महाग.

म्हणून डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा, म्हणजे तेलाचा दाब कमी झाल्याची खूण, लागला की इंजिन लगेच बंद करावं, पण पंपाची ऑर्डर देण्याची घाई नको. स्वतः सतत तेलातच राहणारा हा भाग सहसा सगळ्यांत शेवटी झिजतो. आमच्या वाडीतली एक गाडी गरम झाली की दिवा लुकलुकवायची. मेस्त्रीने गाडीखाली बोट फिरवलं, तर चेंबरला वाटीएवढा पोचा. पाणंदीतला जांभा दगड लागला होता. पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी तळापासून जेमतेम बोटभर वर असते. पोचा तिला टेकला होता आणि पंप उपाशी होता.

आधी तेलाची पातळी बघावी, सेन्सर तपासावा, मग गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजावा. तेल योग्य जाडीचं, जाळी मोकळी, बेअरिंगांत ढिलाई नाही आणि तरी दाब कमी, तेव्हाच पंप बदलायचा. इंजिन उघडलंच असेल आणि पंपाच्या दातेरी चाकांवर चरे दिसले तर मात्र जुना परत बसवू नये.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात बुडालेल्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. ज्यांच्या तेलात पाणी शिरलं, त्यांची डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) दुधाळ कॉफीच्या रंगाची निघते. तसलं तेल पंप इमानाने प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवतो, म्हणून अशा गाडीला तेल बदलेपर्यंत स्टार्टर मारायचाच नाही.