साखरेचा दोष कुणाच्या माथी?

जून २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशात मधुमेही १० कोटींहून जास्त, प्रौढांमधलं प्रमाण ११.४ टक्के. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाला शुगर.

असा आकडा आला की बोलणं लगेच ताटाकडे वळतं. भात किती, मोदक किती, मे महिन्यात हापूसच्या पेट्या किती फोडल्या. पणजीत असो की कणकवलीत, शुगर निघालेल्या माणसाला ‘तोंडावर ताबा नाही’ हे डॉक्टरही सुनावतात, घरचेही आणि गणपतीला आलेला मुंबईचा भाऊही. या आजाराच्या मानसिक बाजूवर जे संशोधन झालं, तेही फार वर्षं याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिलं: चूक कुणाची?

दोष देण्याची परंपरा जुनीच आहे. चरकसंहितेत प्रमेहाची (मधुमेह ज्यांत मोडतो त्या लघवीच्या विकारांची) कारणं सांगताना ‘आस्यासुखं स्वप्नसुखं’ अशी सुरुवात होते. आरामात बसणं आणि झोपणं, मग दही-दूध, पाण्यातल्या आणि पाणथळ जागच्या प्राण्यांचं मांस, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. (मासे, नवा तांदूळ, गूळ: कोकणातलं जेवण बरंचसं इथेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं.) युरोपात सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी मधुमेह्याची लघवी गोड असते याची नोंद केली. आजाराचं कारण मात्र त्यांनी मनात शोधलं. दीर्घकाळचं दुःख, खिन्नता यांतून तो होतो, असं त्यांचं मत होतं.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून जेमतेम जगवली जात. आता ती वाढू लागली, नोकऱ्या करू लागली, लग्नं करू लागली. आजार जन्मभर सोबत घेऊन जगायचा हा प्रकार तेव्हापासूनचा. तरी मनोविकारतज्ज्ञांचं लक्ष अजून ‘कशामुळे’ याच्यावरच होतं. १९३५ मध्ये अमेरिकेत विल्यम मेनिंजर यांनी मधुमेह होण्यामागच्या मानसिक कारणांवर लिहिलं आणि त्या काळात ‘मधुमेही स्वभाव’ नावाची एक कल्पना चांगलीच रुजली. हे लोक म्हणे मुळातच चिंतातुर, परावलंबी, हेकट. पुढच्या अभ्यासांत असा काही खास स्वभाव आढळला नाही आणि कल्पना मागे पडली. मधल्या काळात तिने किती रुग्णांना खजील केलं असेल याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

खरं वळण १९९३ मध्ये आलं, तेही मनाशी थेट संबंध नसलेल्या एका चाचणीमुळे. अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी चाचणीत टाइप १ मधुमेहाचे (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे) १,४४१ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाने दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेऊन किंवा इन्सुलिनचा पंप वापरून, बोटाला सुई टोचून रोज किमान चार वेळा साखर तपासून ती काटेकोर ताब्यात ठेवली. डोळे, मूत्रपिंडं आणि नसांची हानी या गटात स्पष्टपणे कमी झाली. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. जगभरच्या डॉक्टरांनी यातून धडा घेतला तो एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सात टक्क्यांच्या आसपास आणण्याचा. हे रोजचं काम करायचं कुणी? रुग्णाने, तेही सुट्टीशिवाय.

या कामाचा माणसावर काय भार पडतो, हे मोजायचं बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी मनावर घेतलं. १९९५ मध्ये त्यांनी ‘पेड’ नावाची २० प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का? पुढे काय होईल या धास्तीने जीव पोखरतो का? सततच्या काळजीने थकून गेलात का? या आजारात एकटं पडल्यासारखं वाटतं का? गुण शंभरपैकी, आणि ४० किंवा वर गेले की त्रास गंभीर समजायचा. हा आजार तुम्हाला का झाला, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही. माझ्या मते सगळ्या इतिहासातला मोठा बदल तोच.

२००१ मध्ये ४२ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की मधुमेह्यांत नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट आहे. हा निष्कर्ष गाजला आणि त्याने थोडा गोंधळही केला, कारण मधुमेही उदास दिसला की त्याला नैराश्य आहे असंच धरलं जाऊ लागलं. लॉरेन्स फिशर या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की प्रश्नावलीत नैराश्याचे गुण जास्त पडणाऱ्यांतले बहुतेक जण वैद्यकीय निकषांवर नैराश्याचे रुग्ण ठरतच नाहीत. त्यांना त्रास असतो तो मधुमेहाचाच. २०१० मध्ये त्यांनीच मांडलं की वाढलेल्या साखरेशी नातं दिसतं ते या मधुमेहाच्या ताणाचं, नैराश्याचं नव्हे. व्यवहारात हा फरक महत्त्वाचा आहे. नैराश्याला गोळी देता येते. ‘रोज तेच तेच, कंटाळा आला’ याला गोळी नाही, तिथे औषधयोजना सोपी करावी लागते किंवा घरच्यांशी बोलावं लागतं.

त्याआधी २००५ मध्ये पोलोन्स्की, फिशर आणि सहकाऱ्यांनी १७ प्रश्नांची दुसरी मोजपट्टी केली होती. तिने ताणाचे चार भाग पाडले: आजाराचं भावनिक ओझं, पथ्य-औषधांचा जाच, डॉक्टरांबद्दलचा त्रास आणि भोवतालच्या माणसांमुळे होणारा त्रास. कोकणाचा विचार करताना मला हा चौथा भाग सगळ्यात जड वाटतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. कर्ती माणसं मुंबई-पुण्यात, गावच्या घरात म्हातारं जोडपं किंवा एकटी आई. पावसात दोन-दोन दिवस वीज नाही आणि इन्सुलिनची बाटली फ्रीजमध्ये. संध्याकाळी मुलाचा फोन येतो, ‘आई, आज किती आली?’ काळजीच ती, पण आकडा जास्त असेल तर आई तो कमी करून सांगते. चतुर्थीला घर भरतं तेव्हा मोदकांचं पुरण ढवळायचं तिनेच, वाढायचं तिनेच, आणि तिने एक उचलला की चार जण बघणार. प्रसादाला नाही म्हटलं तरी बोलणी, खाल्ला तरी बोलणी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन-२’ या पाहणीत भारतासह १७ देशांत रुग्णांबरोबर घरच्यांनाही प्रश्न विचारले गेले. म्हणजे घर हाही या आजाराचा एक पक्ष आहे हे संशोधनाने मान्य केलं.

मनाच्या आजारांवर साध्या माणसांकरवी उपचार करण्याचं मोठं काम मात्र याच किनाऱ्यावर झालं. गोव्यात १९९६ मध्ये मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘मानस’ चाचणीत वैद्यकीय शिक्षण नसलेल्या महिलांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत बसवलं गेलं. २०१० च्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतले नैराश्य-चिंतेचे रुग्ण लक्षणीय प्रमाणात सुधारले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. मधुमेह आणि नैराश्य एकत्र हाताळणारी ‘इंडिपेंडंट’ ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. देशातल्या चार दवाखान्यांतले ४०४ रुग्ण, नैराश्य आणि साखर-रक्तदाब दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष ठेवणारा समन्वयक, दोन वर्षांचा पाठपुरावा. त्या गटात मनही सुधारलं आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी आटोक्यात आलं, असे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त निघाले.

गावपातळीवर यातलं जे पोहोचलं ते कागदावर दिसतं. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (मधुमेहासारख्या आजारांचा धोका तपासण्याचा सरकारी फॉर्म) भरतात त्यात वय, कंबरेचा घेर, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरात कुणाला शुगर आहे का हे असतं. सुधारित फॉर्ममध्ये गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, उदास वाटलं का, असे दोन प्रश्नही आले. दोन्ही नैराश्याचे. गोळ्यांचा कंटाळा, सुईची धास्ती, घरच्यांची बोलणी यांच्यासाठी त्यात रकाना नाही.