लाल गोळीमागचं परळ

गरोदर बाईला उपकेंद्रातून मिळणारी लाल गोळी दिसायला एकच, पण तिच्यात औषधं दोन: 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. रक्त कमी असेल तर लोह द्यावं, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. फॉलिक ॲसिडचा शोध मात्र मुंबईतल्या परळला सुरू झाला आणि हे खुद्द परळच्या माणसालाही सहसा माहीत नसतं.

1928 साली लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. बाळंतपणात बायका इतक्या का दगावतात, याची चौकशी तेव्हा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये चालू होती. गिरणगावातल्या गरोदर बायकांचा ॲनिमिया जरा वेगळा होता. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी बारीक आणि फिकट होतात. इथे पेशी मोजक्याच उरलेल्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. म्हणजे दुखणं लोहाचं नव्हतं.

विल्स यांनी तळपदे या सहकाऱ्यांबरोबर मुंबईतल्या बायकांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली. वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय जेवतात, ते नोंदवलं. गरीब मुसलमान बायकांचं जेवण सगळ्यांत निकस निघालं आणि हा आजारही त्यांच्यातच जास्त. मग तसंच जेवण उंदरांना घातलं. उंदीर अशक्त झाले खरे, पण पुढे कळलं की उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूने निकाल गढूळ केले होते. म्हणून माकडांवर प्रयोग झाले, आणि तिथे मार्माइट कामी आलं. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट लगदा. इंग्रज तो पावाला लावून खातात. चवीबद्दल न बोललेलंच बरं. पण तो स्वस्त होता, आणि तो दिल्यावर माकडं सुधारली, बायकाही सुधारल्या. 1931 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी हे मांडलं.

यीस्टमध्ये नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच सांगता येईना. त्या काळी वेगळ्या एका ॲनिमियावर यकृताचा अर्क देत. विल्स यांच्या रुग्णांना कच्च्या अर्काने गुण यायचा, शुद्ध केलेल्या अर्काने नाही. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होतं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा केला गेला आणि लॅटिनमधल्या ‘फोलियम’ म्हणजे पान या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडलं. विल्स यांचा घटक पुढे हाच ठरला.

भारत सरकारने 1970 साली लोह आणि फॉलिक ॲसिड एका गोळीत घालून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोहाचं प्रमाण आधी 60 मिलिग्रॅम, मग 100, आणि 2018 च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये पुन्हा 60. आता गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस ती घ्यायची असते. तरीही 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 50.4 होता.

गोळी वाटली म्हणजे पोटात गेली असं नाही. ती घेतली की मळमळतं, पोट बांधल्यासारखं होतं. कुणी सांगतं, बाळ काळं होईल. वरून चहा प्यायला तर लोह नीट अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे सकाळ चहाशिवाय उगवत नाही. मग पाकीट फडताळात डब्यामागे सरकतं. आशाताई ‘गोळ्या घेतेस ना?’ असं विचारते तेव्हा उत्तर ‘हो’च येतं. म्हणून जाणती आशाताई पुढचाही एक प्रश्न विचारते: शौचाला काळी होते का? लोहाची गोळी रोज घेणाऱ्या बाईला ती सहसा काळी होते.