शिरेच्या कडेने पसरणारा आजार

ताईचा नवा एमआरआय झाला. अहवालात एक ओळ होती : मेंदूतल्या बऱ्याच चट्ट्यांच्या मधोमध बारीक शीर दिसते. ताईने ती ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, “म्हणजे तेव्हा सांगत होते ते खरंच होतं का रे? शिरांचंच होतं का सगळं?”

‘तेव्हा’ म्हणजे 2010 साली. मानेतल्या शिरा आवळल्यामुळे हा आजार होतो, त्या फुगवून मोकळ्या केल्या की माणूस बरा होतो, असा दावा तेव्हा गाजत होता. त्या वर्षी आमच्या घरात शिरांशिवाय दुसरा विषय नव्हता. नाशकात आजही एखाद्याला एमएसचं, म्हणजे ताईच्याच आजाराचं, निदान झालं की नातेवाइकांच्या मोबाइलवर मानेतली शीर फुगवून लोक चालू लागल्याचा एखादा जुना व्हिडिओ येऊन पडतो. ताईच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण त्या ‘नाही’मागची गोष्ट दीडशे वर्षांची आहे.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्या आवरणावरच उलटते आणि जागोजागी चट्टे पडतात. बहुतेकांना 20 ते 40 या वयात पहिला झटका येतो. बायकांमध्ये प्रमाण जास्त. ताईला आधी एका डोळ्याने धूसर दिसू लागलं, ते महिन्याभरात निवळलं, आणि वर्षाने पाय बधिर झाले. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. हे येणं-ओसरणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

शिरांचा संबंध कुणाच्या डोक्यातून अचानक निघालेला नाही. 1863 मध्ये रिंडफ्लाइश या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की चट्ट्याच्या मधोमध एक रक्तवाहिनी असते. पाच वर्षांनी, 1868 मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात शार्कोने या आजाराचं स्वतंत्र आणि नीट वर्णन केलं. 1916 मध्ये एडिंबरोच्या डॉसनने मेंदूतल्या पोकळ्यांपासून शिरांच्या दिशेने बोटांसारखे पसरलेले चट्टे टिपले. रेडिओलॉजिस्ट आजही त्यांना ‘डॉसनची बोटं’ म्हणतात. 1930 च्या दशकात अमेरिकेत ट्रेसी पुटनमने कुत्र्यांच्या मेंदूतल्या नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा, अडवून पाहिल्या, तर एमएससारखे वाटणारे चट्टे तयार झाले. मग रक्त पातळ करणारी औषधं रुग्णांना देऊन झाली. गुण आला नाही आणि तो धागा बाजूला पडला.

तो पुन्हा हातात घेतला इटलीतल्या फेर्रारा विद्यापीठाच्या पाओलो झांबोनी यांनी. ते रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद, आणि त्यांच्या बायकोलाच 1995 मध्ये एमएसचं निदान झालं होतं. पायाच्या नीलांमध्ये रक्त साचलं की तिथल्या त्वचेत लोह उतरतं, दाह होतो, जखमा होतात, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं. मेंदूतही असंच होत असेल का, असा प्रश्न त्यांनी मांडला. 2009 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात एमएसचे 65 रुग्ण होते आणि तुलनेसाठी 235 जण. डॉपलर तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीत, मानेतल्या किंवा छातीतल्या नीला आवळलेल्या किंवा रक्त उलटं वाहणारं असं चित्र एमएसच्या सगळ्या रुग्णांत दिसलं, इतरांपैकी एकातही नाही. या अवस्थेला त्यांनी सीसीएसव्हीआय (क्रॉनिक सेरेब्रोस्पायनल व्हेनस इन्सफिशियन्सी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतलं रक्त नीलांमधून नीट न उतरणं) हे नाव दिलं. त्याच वर्षी 65 रुग्णांच्या नीलांमध्ये फुगा घालून त्या रुंद केल्याचा अहवालही आला. त्यात तुलनेचा गट नव्हता, आणि रुंद केलेल्या मानेतल्या नीलांपैकी जवळपास निम्म्या दीड वर्षात पुन्हा आवळल्या होत्या. पण या गोष्टी त्या वेळी फारशा कुणाच्या कानावर पडल्या नाहीत.

आमच्या अण्णांना हा सिद्धांत समजायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य जुन्या नाशकात गेलं. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की सरस्वती नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, ते मागे फिरतं आणि सराफ बाजारात शिरतं. दुकानांत चिखल बसतो. “तसंच मेंदूत झालंय. पाणी तुंबलंय, वाट मोकळी करायची,” अण्णा म्हणाले. इतकं सोपं, इतकं डोळ्यांसमोर येणारं स्पष्टीकरण तोवर आम्हाला कुणीच दिलं नव्हतं. ‘प्रतिकारशक्ती उलटली’ हे ऐकून माणूस काय करणार? तुंबलेला नाला मात्र उपसता येतो.

नोव्हेंबर 2009 मध्ये कॅनडाच्या एका टीव्ही वाहिनीवर या उपचाराचा कार्यक्रम झाला आणि वणवा पेटला. कॅनडा हा एमएसचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी. तिथल्या डॉक्टरांनी पुराव्याशिवाय हा उपचार करायला नकार दिला, तेव्हा हजारो रुग्ण पोलंड, मेक्सिको, कोस्टारिका आणि भारतातही जाऊन नीला फुगवून आले. उपचाराचं नावच ‘लिबरेशन’, मुक्ती. रुग्णांनी पैसे जमवले, मोर्चे काढले, आपल्या डॉक्टरांवर औषध कंपन्यांना विकले गेल्याचे आरोप केले. त्यांना भोळे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिशीतल्या माणसाला पुढच्या काही वर्षांत चाकाची खुर्ची लागेल असं सांगितलं गेलं असेल, तर त्याने वाट पाहत बसावं ही अपेक्षा कुणी कुणाकडून करावी?

आम्हीही त्याच रांगेत होतो. एका मध्यस्थाने खर्चाचा आकडा दिला, अण्णा ठेव मोडायला निघाले. ताईच्या न्यूरोलॉजिस्टनी एवढंच सांगितलं, “तुलना करून पाहिलेला अभ्यास येऊ द्या, तोवर थांबा.” मी त्यांच्यावर भयंकर चिडलो होतो. थांबा म्हणणं त्यांना सोपं, असं मला वाटलं. तरी ताई थांबली, कारण निर्णय शेवटी तिचा होता.

दरम्यान वाईट बातम्या येऊ लागल्या. नीलेत बसवलेला स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, सरकून हृदयापर्यंत गेला, रक्ताच्या गाठी झाल्या, काहींचे मृत्यूही झाले. मे 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही जाहीर इशारा दिला.

मग अभ्यास आले, एकामागून एक. अमेरिकेतल्या बफेलोच्या गटाला 2011 मध्ये एमएसच्या 56 टक्के रुग्णांत हे चित्र दिसलं, पण निरोगी लोकांपैकीही जवळपास 23 टक्क्यांत दिसलं. इटलीतच 1,800 हून अधिक लोकांची डॉपलर तपासणी झाली. कोण रुग्ण, कोण निरोगी हे चित्रं वाचणाऱ्या तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं. तिथे एमएसच्या रुग्णांत प्रमाण निघालं 3 टक्क्यांच्या आसपास, आणि इतरांत जवळपास तेवढंच. मला सर्वांत बोलका वाटला तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला 2013 चा कॅनडाचा अभ्यास, कारण त्यात रुग्णांची भावंडंही होती. नीलेत नळी घालून पाहिलं, तेव्हा 50 टक्क्यांहून जास्त आवळलेली नीला एमएसच्या 74 टक्के रुग्णांत सापडली, त्यांच्या निरोगी भावंडांपैकी 66 टक्क्यांत आणि नात्याबाहेरच्या 70 टक्क्यांत. म्हणजे ताईची तपासणी केली असती तर बहुधा काहीतरी सापडलं असतं. आणि माझी केली असती तरीही.

अण्णांचा नाला इथे चुकतो. नाल्याला बाहेर पडायची वाट एकच. मेंदूतून रक्त उतरायला वाटा पुष्कळ आहेत. आपण आडवे असतो तेव्हा ते मुख्यतः मानेतल्या मोठ्या नीलांमधून येतं. उभे राहिलो की त्याच नीला जवळपास मिटतात आणि रक्त मणक्याभोवतीच्या जाळ्यातून खाली येतं. नीलेची भिंत मऊ असते. श्वास, मानेची ठेवण, अंगातलं पाणी कमी-जास्त होणं, एवढ्यानेही तिची रुंदी बदलते. तपासणारा बदलला की निष्कर्ष बदलत होता, त्याचं एक कारण हेच.

आणि ज्यांना बरं वाटलं त्यांचं काय? ते खोटं बोलत नव्हते. झटका आपणहून ओसरतो, आणि माणूस उपचाराला जातो तो बहुधा सर्वांत वाईट दिवसांत. शिवाय मोठ्या आशेने, मोठा खर्च करून, परदेशात केलेल्या उपचाराचं बळ अंगात उतरतंच. म्हणून खरी परीक्षा अशी की काही लोकांना फुगा घालायचा, बाकीच्यांना फक्त नळी घालून परत काढायची, आणि कुणाला काय केलं हे त्यांना कळू द्यायचं नाही. कॅनडात 104 रुग्णांवर असा प्रयोग झाला. 2017 मध्ये निकाल आला : फरक नाही. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगाचाही निकाल आला. त्यात 115 रुग्ण होते, 76 जणांना फुगा आणि 39 जणांना नुसती नळी. निष्कर्ष असा की उपचार फारसा परिणामकारक नाही आणि एमएसच्या रुग्णांना तो देण्याची शिफारस करता येत नाही. हा प्रयोग इटलीतला होता, आणि त्याचे प्रमुख होते स्वतः पाओलो झांबोनी. ज्याने आशा दाखवली त्यानेच तिची कसोटी घेतली आणि निकाल आपल्या नावाने छापला, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

मग ताईच्या अहवालातली शीर? ती खरी आहे, रिंडफ्लाइशने पाहिली तीच. प्रतिकारशक्तीच्या पेशी रक्तातून मेंदूत शिरतात त्या याच बारीक शिरांच्या भिंतीतून, म्हणून चट्टा शिरेभोवती वाढतो. शीर आवळलेली असण्याचा तिथे संबंध नाही. आता ही मधली शीर एमएसची खूण म्हणून कामाला येते, कारण मेंदूत पांढरे ठिपके इतर कारणांनीही दिसतात. एमएसचं निदान ज्यांवरून करतात त्या मॅकडोनाल्ड निकषांच्या 2024 च्या सुधारित आवृत्तीत तिचा समावेश झाला आहे. झांबोनींच्या लोहाचंही तसंच. काही जुन्या चट्ट्यांच्या कडेला लोह असलेल्या पेशींचं कडं दिसतं. तीही खूण त्याच निकषांत आली आहे.

कारणाचा शोध आता दुसरीकडेच गेला आहे. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या सुमारे 1 कोटी लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की एप्स्टीन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो. हा विषाणू जवळपास प्रत्येकाच्या अंगात असतो, म्हणून पुढचा प्रश्न अजून उरतोच : एमएस मोजक्यांनाच का?

हे सगळं ताईला सांगायला एक अख्खी संध्याकाळ लागली. तिने अहवाल घडी घालून फायलीत ठेवला. 2010 चा तो खर्चाचा कागद त्याच फायलीत आहे, तिने तो फाडलेला नाही. सहा महिन्यांनी तिला रिटुक्सिमॅबचं, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधाचं, पुढचं सलाइन लागेल.