कानावर डोळ्यांची कुरघोडी

आवाजातली भीती किंवा आनंद आपण फक्त कानांनी ओळखतो, असं वाटतं खरं. पण बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर डोळे मध्ये तोंड घालतातच.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या बिॲट्रिस द गेल्डर आणि ज्याँ फ्रोमेन यांनी २००० साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात बोललेल्या वाक्याचा स्वर आनंदापासून भीतीपर्यंत टप्प्याटप्प्याने बदलत नेला होता. पडद्यावर कधी आनंदी चेहरा दिसे, कधी घाबरलेला. सूचना स्पष्ट होती: चेहऱ्याकडे लक्ष देऊ नका, आवाजाबद्दल काय ते सांगा. तरीही उत्तरं चेहऱ्याच्या बाजूला कलली. उलट प्रयोगात, चेहऱ्यावरचा भाव ओळखायचा असताना, आवाजानेही अशीच ढवळाढवळ केली.

यावर कुणीही विचारेल, की लोक आधी नीट ऐकत असतील आणि उत्तर देताना गोंधळत असतील. शंका रास्त आहे. म्हणून डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत तपासले गेले. आवाज सुरू झाल्यावर साधारण ११० मिलिसेकंदांतच, म्हणजे उत्तराचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, चेहऱ्याचा परिणाम दिसला. तोच चेहरा उलटा दाखवला, की परिणाम गायब!

मला सर्वांत चक्रावून टाकणारा वाटतो तो २००२ सालचा अभ्यास. मेंदूच्या दृष्टीकेंद्राला इजा झाल्यामुळे काही रुग्णांना समोरच्या दृश्याचा एक भाग दिसतच नाही. नेमक्या त्या भागात घाबरलेला चेहरा दाखवला. ‘काही दिसलं नाही’ म्हणणाऱ्या या रुग्णांचा मेंदू आवाजातल्या भीतीला प्रतिसाद देताना मात्र त्या चेहऱ्याची दखल घेत होता. भावना जागवणारी इतर चित्रं त्याच जागी दाखवली, तर असं काही घडलं नाही.

सगळीकडे डोळ्यांचंच राज्य चालतं असंही नाही. २०१० साली जपानी आणि डच लोकांची तुलना झाली. चेहरा एक सांगतोय आणि आवाज दुसरंच, अशा चित्रफिती दोघांना दाखवल्या. फक्त चेहऱ्याकडे बघा असं बजावूनही जपानी लोकांवर आवाजाचा पगडा डच लोकांपेक्षा जास्त राहिला. म्हणजे यातला काही भाग तरी आपण आपल्या माणसांत वाढताना शिकत असणार.