जीप दोन इंच उंच करताना हलणारे कोन

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याच्या बाजूला, पावसाळ्यानंतर कोरडे पडलेले नाले ओलांडताना जीप अडकते ती बहुधा दोनच प्रकारांनी. एक तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधले पोट नाल्याच्या काठावर टेकते आणि चाके पकड सोडून नुसती फिरू लागतात; नाहीतर मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (इंजिनाचा फेर दोन्ही चाकांत वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा बेसाल्टच्या एखाद्या गोट्यावर जाऊन बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही अडचणी सारख्याच वाटतात आणि दोन्हींवर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे सस्पेन्शन उचलून गाडी उंच करून घेणे. हा उपाय पहिल्या अडचणीवर लागू पडतो. दुसरीवर तो अजिबात लागू पडत नाही.

कारण साधे आहे. जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये ॲक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेली अखंड नळी असते आणि तिची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या व्यासावर ठरते. कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा, या ॲक्सलच्या आणि चासीच्या मध्ये बसतात. म्हणून पाटे कितीही उचलले, तरी उंच होते ती चासी, तिच्यावरची बॉडी, इंजिन आणि माणसे. गोळा जिथे होता तिथेच राहतो. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग मिळतात, त्यामुळे ट्रकच्या पाट्यांची कामे तिथे बारमाही चालतात. अशाच एका दुकानातल्या मिस्त्रींनी माझी जीप पाहून एका वाक्यात हे सांगितले होते : “गाडी उच्ची व्हयनी भाऊ, पन गोळा तठेच शे.” गोळा उचलायचा असेल तर मोठा टायर लागतो आणि तिथेही व्यासाच्या वाढीपैकी निम्मीच उंची पदरात पडते, ७० सेंटिमीटरऐवजी ७५ सेंटिमीटर व्यासाचा टायर घातला, तर गोळा अडीच सेंटिमीटर वर जातो. शिवाय स्पीडोमीटर ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना गाडी खरी ६४ च्या वेगाने पळत असते, हे वेगळेच.

पोटाच्या बाबतीत मात्र दोन इंचांची किंमत चांगली वसूल होते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.४ मीटर अंतर असलेल्या आणि मध्यभागी २० सेंटिमीटर मोकळी जागा असलेल्या गाडीला साधारण १९ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडता येतो. तीच जागा २५ सेंटिमीटर केली, की हा कोन साडेतेवीस अंशांच्या जवळ जातो. केळीच्या बागेचा बांध किंवा पाटचारीची कड ओलांडताना हा फरक लगेच जाणवतो.

आता ही उंची आणायची कशी, हा प्रश्न येतो आणि त्यासाठी पाटा मुळात काय करतो हे पाहावे लागते. स्प्रिंग जितक्या जोराने दाबावी तितकी ती दबते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात जाहीर केला आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. गाडीच्या वजनाने पाटा समजा १० सेंटिमीटर दबत असेल, तर त्यात जादा पाने घालून तो दुप्पट कडक केल्यावर तो पाचच सेंटिमीटर दबेल, म्हणजे गाडी आपोआप पाच सेंटिमीटर उंच होईल. घरच्या घरी करण्यासारखा हा सर्वांत स्वस्त मार्ग आणि माझ्या मते सर्वांत वाईटही. गाडीचे हेलकावे किती वेगाने होतात हे पाटा वजनाखाली किती दबतो यावर ठरते : १० सेंटिमीटर दबणाऱ्या पाट्यावर गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलते, पाच सेंटिमीटर दबणाऱ्यावर सुमारे २.२ वेळा. आकडे पाहून फरक किरकोळ वाटेल, पण दोन तास खडीच्या रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या कमरेला तो किरकोळ वाटत नाही. त्यातच कडक पाट्यामुळे चाक खड्ड्यात पुरेसे खाली उतरत नाही, म्हणजे ज्या खडकाळ वाटेसाठी गाडी उंच केली त्याच वाटेवर एखादे चाक हवेत राहते.

यापेक्षा कडकपणा तेवढाच ठेवून जास्त कमान दिलेले नवे पाटे बसवणे शहाणपणाचे. जुन्याच पाट्यांना भट्टीत लाल करून कमान चढवून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या हाताला वळण असते यात शंका नाही. परंतु पाट्याचे सिलिकॉन-मँगेनीजयुक्त पोलाद आपली लवचीकता केवळ आकारातून मिळवत नाही. कारखान्यात ते साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवून झटकन थंड करतात, यालाच पाणी देणे म्हणतात, आणि नंतर ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. भट्टीत तापवलेला पाटा नुसता हवेत निवू दिला तर तो मऊ पडून काही महिन्यांत पुन्हा बसतो, आणि पाणी देऊन तसाच सोडला तर एखाद्या दिवशी काचेसारखा तुटतो. पाट्यावर वेल्डिंगची ठिणगीही पडू देऊ नये, कारण भेगेची सुरुवात पृष्ठभागावरच्या अशाच एखाद्या ठिपक्यापासून होते.

तिसरा मार्ग शॅकलचा. पाट्याचे एक टोक चासीला पक्के असते आणि दुसरे टोक शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांच्या झोक्यावर लटकते, कारण पाटा दबला की तो सरळ होतो आणि लांबतो. लांब शॅकल घातली की चासी वर जाते. पण ॲक्सल पाट्याच्या मध्यावर असल्याने शॅकल दोन इंच वाढवली तर उंची एकच इंच मिळते. खरी अडचण निराळीच आहे. पाट्याचे एकच टोक खाली गेल्याने संपूर्ण पाटा तिरपा होतो आणि त्यावर घट्ट बांधलेली ॲक्सलही त्याच्याबरोबर कलते. दोन डोळ्यांमध्ये, म्हणजे टोकांच्या कड्यांमध्ये, एक मीटर अंतर असलेल्या पाट्याची शॅकल पाच सेंटिमीटर वाढवली, तर हा कल जवळजवळ तीन अंशांचा असतो.

तीन अंश म्हणजे काय, हे सायकलवरून कळते. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून मागे रेललेला असतो, आणि चालती सायकल हात सोडला तरी सरळ जाऊ पाहते त्याचे हे एक कारण आहे. जीपच्या पुढच्या चाकांना असाच मागे रेललेला कोन असतो, त्याला कॅस्टर म्हणतात, आणि अशा गाड्यांत तो तीन अंशांच्या आसपास असतो. पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि ती वर सांगितल्याप्रमाणे लांबवली, तर हा सगळा कोन खाल्ला जातो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही आणि महामार्गावर गाडी सतत इकडे-तिकडे भटकते. यावर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये तेवढ्याच अंशांची लोखंडी पाचर बसवतात. पुढच्या ॲक्सलवर उंची वाढवण्यासाठी सपाट ठोकळे मात्र कधीही घालू नयेत. ब्रेक लागताना ॲक्सल जोराने पिळली जाते आणि ठोकळा निसटला तर स्टिअरिंगच हातून जाते.

मागच्या बाजूला हाच कल प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाचा फेर मागच्या ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याला भोवतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा असतो, आणि त्याच्याशीही त्याच हूकचे नाव जोडलेले आहे. तिरप्या क्रॉसमधून फिरणाऱ्या शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो : पाच अंशांवर हा चढउतार अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो, पंधरा अंशांवर तो साडेतीन टक्के होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असले, की एका क्रॉसने आणलेला झटका दुसरा क्रॉस पुसून टाकतो. लांब शॅकलने ॲक्सल तीन अंश कलली की ही समानता मोडते, आणि गाडी विशिष्ट वेगावर गुरगुरू लागते. अशा वेळी चाकांचे बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

उलटण्याचा धोका किती वाढतो, हेही मोजून पाहावे. डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.३ मीटर अंतर आणि ७० सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य असलेली गाडी, ती अगदी ताठ आहे असे मानले, तर सुमारे ४३ अंश कलेपर्यंत उलटत नाही. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर गेला की हा कोन ४१ अंशांवर येतो. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याबाबत जे तारांकन देते, त्याच्या मुळाशी चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचे हेच गुणोत्तर आहे. प्रत्यक्षात पाटे आणि टायर एका बाजूला दबत असल्याने गाडी याच्या बरीच आधी कलंडते, म्हणून तोरणमाळच्या घाटातल्या वळणांवर, विशेषतः टपावर सामान बांधलेले असताना, दोन इंचांनंतरचा प्रत्येक इंच मला महाग वाटतो.

प्रत्यक्ष काम अंगणात, सपाट फरशीवर आणि जमल्यास दोघांनी करावे. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अकरानंतर पाना हातात धरवत नाही, म्हणून मी पहाटे पाचला सुरुवात केली. एका वेळी एकच ॲक्सल घ्यावी, दुसरीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, आणि चासी लोखंडी स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट सोडण्याआधी ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून तिचे वजन तोलून धरावे, नाहीतर ती एकदम खाली येते आणि तिच्याबरोबर ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. या नळीकडे माझे दुर्लक्ष झाले होते. गाडी जमिनीवर उभी असताना ती ढिली दिसत होती; पण चाक पूर्ण लोंबकळत सोडल्यावर ती तारेसारखी ताठ झाली, आणि तसाच खड्डा आला असता तर ब्रेकचे तेल रस्त्यावर सांडले असते. लांब नळी मिळेपर्यंत गाडी दोन दिवस तशीच स्टँडवर उभी राहिली. शॉकॲब्सॉर्बरही याच रीतीने, चाक लोंबकळत सोडून, पुरतो का ते तपासावे लागते.

दुसरी चूक मी पूर्ण केली. पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळून टाकले. त्या डोळ्यात रबराचा बुश असतो आणि तो घसरत नाही, तर पिळतो. हवेत आवळलेला बुश गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो. दोन महिन्यांत चार बुश फाटले. गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा दाबून बसवल्यावरच हे बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचे असतात. यू बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, त्यामुळे ते नवेच घ्यावेत.

त्यानंतर हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा, कारण उंच झालेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश फेकते. कायद्याची बाजूही कामापूर्वीच पाहावी : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही भूमिका स्पष्ट केली आहे. खासगी शेतातल्या वाटेवर आणि महामार्गावर एकच गाडी चालवणाऱ्याने परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी हे उत्तम.

पाट्याची पाने एकमेकांवर बसायला थोडे अंतर जावे लागते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर मी पुन्हा पाना लावला, तेव्हा यू बोल्टच्या सोळा नटांपैकी अकरा नटांनी आणखी जवळपास पाव फेरी घेतली. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा लावला, तेव्हा एकही नट हलला नाही.