हॉट प्लग म्हणजे जोरदार स्पार्क नव्हे

टू-स्ट्रोक जेट स्की चालवणाऱ्याला स्पार्क प्लग काढता-घालता येतो, गॅप (ठिणगी जिथे उडते ती फट) बघता येते, ओला झालेला प्लग पुसून परत बसवता येतो. त्यावर मी इथे वेळ घालवत नाही. पण प्लग ‘अपग्रेड’ करायचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, “एका नंबरने हॉट प्लग टाक, स्पार्क जोरात पडेल.” हे साफ चूक आहे, आणि या चुकीपायी चांगली इंजिनं गेलेली मी पाहिली आहेत.

प्लगच्या हॉट-कोल्डचा स्पार्कच्या जोराशी संबंध नाही. तो जोर येतो कॉइल (स्पार्कसाठी जादा व्होल्टेज देते ती) आणि इग्निशनकडून. हॉट-कोल्ड फक्त एवढंच सांगतं की प्लगचं तापलेलं टोक आपली उष्णता सिलिंडर हेडला किती लवकर देऊन टाकतं. एनजीके कंपनीचे बीआर७ईएस आणि बीआर८ईएस हे प्लग शेजारी शेजारी धरा; नावातला ७ किंवा ८ हाच हॉट-कोल्डचा नंबर. आटे तेच, १४ मिलिमीटरचे. आट्यांची लांबी तीच, १९ मिलिमीटर. आता तोंडातून आत बघा. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीची पांढरी चिनी माती ‘७’मध्ये जास्त खोल जाऊन मग धातूला टेकते, ‘८’मध्ये लवकर टेकते. उष्णतेची वाट लांब, तर टोक जास्त तापतं: तो हॉट. वाट आखूड, तो कोल्ड.

टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सियसच्या खाली राहिलं, तर तेल आणि काजळी जळून जात नाही, प्लगवर साचते आणि प्लग शॉर्ट होतो. ८०० अंशांच्या बरंच पुढे गेलं, तर टोकाचाच निखारा होतो आणि स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून स्फोट. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ज्वलन होतं, मधे थंड व्हायला मोकळी फेरी नाही. त्यात जेट स्कीला ना उतार, ना सिग्नल. थ्रॉटल दाबला की मिनिटांमागून मिनिटं पूर्ण भार. पिस्टनच्या डोक्याला मधोमध भोक पडतं ते असं.

मग गैरसमज टिकतो कसा? किनाऱ्याजवळ हळू चालवताना प्लग काळा पडतो, इंजिन मिसिंग मारतं, म्हणजे मधेमधे पेटत नाही. हॉट प्लग टाकला की टोक स्वच्छ राहतं, मिसिंग थांबतं, आणि माणसाला वाटतं स्पार्क सुधारला. सुधारलं काहीच नाही. तेलाचं प्रमाण जास्त, कार्ब्युरेटर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), चोक पूर्ण न सुटलेला किंवा कॉइल थकलेली, यापैकी जे होतं ते तसंच आहे. आधी ते दुरुस्त करा. कंपनीने सांगितलेला नंबर सोडायचं कारण बहुतेकांकडे नसतंच.

नंबरांचाही घोळ आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट. ब्रँड बदलताना आकड्यावरून अंदाज बांधू नका, तुलना-तक्ता बघा.

इरिडियम या धातूचं टोक असलेल्या महागड्या प्लगचं थोडक्यात. टोक बारीक, स्पार्कला व्होल्टेज कमी लागतं, झीज कमी. पण इरिडियम म्हणजे हॉटही नाही, कोल्डही नाही: बीआर८ईआयएक्स इरिडियम असूनही ‘८’च आहे. इग्निशन धडधाकट असेल तर त्याने ताकद वाढत नाही. मी साधाच प्लग वापरतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये प्लग झिजायच्या आधी तेलाने किंवा पाण्याने मरतो. आणि त्या साध्या प्लगला ‘कॉपर प्लग’ म्हणणं कृपा करून थांबवा. तांबं गाभ्यात असतं, ते इरिडियममध्येही असतं. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं.

नावातला ‘आर’ रेझिस्टरचा, तो काढू नका. विद्युत गोंगाटाने इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं. ‘ई’ म्हणजे आट्यांची ती १९ मिलिमीटर लांबी; त्याच्या जागी ‘एच’ असेल तर लांबी १२.७ मिलिमीटर. तिथे ‘ई’ घुसवलात तर तो पिस्टनवर आदळू शकतो.

नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. गॅप लावून ठेवलेला एक जादा सेट माझ्या कोरड्या डब्यात कायम असतो, त्याच नंबरचा.